सायकल जड चालतेय

कुमुद,

तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले. पाहुणे गेले, शेजारून आणलेली मोठी पातेली परत गेली, काल मंजूही सोलापूरला निघून गेली. आपली लेक कशी गेली ते पुढे सांगतो. आधी तुझ्याशी बोलायचं आहे, आणि ते मला एका दमात जमणार नाही.

इतके दिवस येणारा प्रत्येक माणूस एकच सांगत होता. "पुण्यवान हो. चालतीबोलती गेली. अंथरूण धरलं नाही, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. त्रास म्हणून झाला नाही." मी मान हलवत बसायचो. आतून मात्र ओरडावंसं वाटायचं की झाला, त्रास झाला तिला, दिवाळीपासून होत होता. ती मला सांगत होती आणि मी तो सायकलच्या चाकात शोधत होतो.

शाळेत तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी कागदावरून वाचून दाखवलं. किती वर्षं नोकरी, कुठले विषय, कुठल्या तुकड्या. सगळं बरोबर होतं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला तू दिसत होतीस ती पदर खोचून, माझ्या सायकलच्या कॅरिअरला धरून धावताना. नवऱ्याला सायकल शिकवणारी बायको अख्ख्या सदाशिव पेठेत तू एकटीच असशील. मी कोकणातला. आमच्या गावात उभ्या पाखाड्या, सगळ्या दगडी पायऱ्यांच्या वाटा, तिथे सायकल घेऊन करायचं काय? लग्नानंतर पुण्यात बिऱ्हाड केलं तर इथे दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवर, आणि मी कचेरीत चालत जाणारा. तू आठ दिवस पाहिलंस आणि म्हणालीस, "उद्या पहाटे उठा. मैदानावर कुणी नसतं तेव्हा."

"बायकोकडून शिकू?"

"मग चाला. पायांना चांगलं असतं."

उठलो. तिसऱ्या दिवशी तू न सांगता हात सोडलेस आणि मी सरळ जाऊन कडुनिंबावर आदळलो. तू धावत आलीस, आधी सायकल उचललीस, पुढचं चाक फिरवून पाहिलंस, आणि मग विचारलंस, "लागलं का हो?" हे मी कितीतरी लग्नांतून, मुंजींतून लोकांना हसवायला सांगितलं. तू प्रत्येक वेळी म्हणायचीस, "सायकल माझ्या वडिलांची होती. नवरा काय, माझाच होता."

चालवण्यात मी कधीच तुझ्याइतका पटाईत झालो नाही. दुरुस्तीची मात्र गोडी लागली. आपल्या घरात तशी वाटणीच झाली, चालवायची तू आणि दुरुस्त करायची मी. रविवारी चहा झाला की इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत पोतं अंथरायचं, तुझी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची, पाने मांडून बसायचं. तू भाजी निवडायला तिथेच यायचीस. आठवड्यात आपण दोघं जेवढं बोलायचो त्यातलं निम्मं बोलणं त्या पोत्यावर व्हायचं.

आणि ब्रेकवरून भांडण. ते आपलं कधी मिटलंच नाही. मला ब्रेक कसा, मूठ जरा दाबली की चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. तू म्हणायचीस, "इतके आवळू नका हो, घासतात. मला शाळेत पोचायचं असतं, थांबायचं नसतं."

"एखाद दिवशी ब्रेकआधी भिंत लागेल."

"पुण्यात भिंतीआधी माणूस आडवा येतो. आणि तो इतका ओरडतो की ब्रेकची गरज पडत नाही."

मी रविवारी आवळलेले ब्रेक मला पुढच्या रविवारी सैल मिळायचे. माझ्याच पेटीतला पाना घेऊन तू ते कधी सैल करायचीस, हे मी इतक्या वर्षांत एकदाही पकडू शकलो नाही. विचारलं की तू म्हणायचीस, "रस्ते खराब आहेत. हादऱ्यांनी होत असतील." कुमुद, त्या चोरीचे मी आता उपकार मानतो. दर आठवड्याला मला काम मिळावं म्हणून तर तू ते करत नव्हतीस ना, अशी शंका यायला लागली आहे. पण ज्यांची उत्तरं मिळणार नाहीत असे प्रश्न हल्ली खूप झालेत, त्यात आणखी एक.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर तू जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलेली होतीस, पिशवी मांडीवर धरून. मला वाटलं किल्ली हरवली. तू म्हणालीस, "अहो, सायकल जड चालतेय. कुठेतरी ब्रेक घासतोय बहुतेक."

मला बरं वाटलं. खोटं लिहिणार नाही. रविवारचं काम मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

आणि ब्रेक खरोखरच घासत होता. तुझ्या पर्समधून खडूचा तुकडा घेतला, सायकल उलटी केली, खडू रिमच्या अगदी जवळ स्थिर धरून मागचं चाक फिरवलं. एका ठिकाणी पांढरी रेघ उमटली. चाकाला आउट आला होता, म्हणजे चाक तेवढ्याच जागी एका बाजूला कललं होतं, आणि दर फेऱ्याला तो भाग ब्रेकच्या रबराला खसकन घासून जात होता. मी तिथले स्पोक एका बाजूचे आवळले, दुसऱ्या बाजूचे सैल केले, पुन्हा खडू धरला, पुन्हा फिरवलं. दोन तास गेले. शेवटी चाक असं फिरायला लागलं की आवाज म्हणून नाही. तुला हाक मारून दाखवलं. सोमवारी संध्याकाळी तू म्हणालीस, "आज हलकी चालली." मी किती फुशारलो होतो!

गुरुवारी पुन्हा जड झाली.

पुढच्या रविवारी मागचं चाक चिमट्यात, म्हणजे ते धरणाऱ्या दोन दांड्यांच्या मध्ये, तिरपं बसलेलं सापडलं. नट सैल करून ते मधोमध आणलं. मग ब्रेकची दांडी गंजून मूठ सोडल्यावर परत खाली पडत नव्हती, तिला तेल दिलं, घासून साफ केली. मग एका बाजूचं रबर जास्त झिजलं होतं, ते बदललं. प्रत्येक वेळी काहीतरी सापडायचंच. वीस वर्षं रोज चाललेल्या सायकलीत शोधलं की सापडतं. तेच वाईट झालं गं. एखाद्या रविवारी काहीच सापडलं नसतं, तर कदाचित मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं असतं.

तू घरातून वीस मिनिटं आधी निघायला लागलीस. मी म्हटलं, इतक्या लवकर? तू म्हणालीस, "शाळेच्या वाटेवर, येरवड्याकडे वर्दळ फार वाढलीय." तुला रात्री दोन उश्या लागायला लागल्या. "मान धरते हो," म्हणालीस. मग एके दिवशी म्हणालीस, चपला आवळतात, चांभाराकडून जरा सैल करून आणा. तुझे पाय सुजत होते, कुमुद. मी चपला सैल करून आणल्या. चांभाराजवळ उभं राहून, "जरा जास्तच ताण रे," असं सांगून करून आणल्या.

सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाहून तू रिक्षानं घरी आलीस. सायकल शाळेतच ठेवून. आपल्या लग्नानंतर हे पहिल्यांदा घडलं. म्हणालीस, "अगदीच जड झालीय. ढकलवेना." मला तुझा नाही, सायकलचा राग आला. माझी इतकी मेहनत आणि ही अशी वागते! मी शनिवारी जाऊन ती शाळेतून आणली आणि घरी न नेता सरळ हनीफभाईंच्या दुकानात नेली.

हनीफभाईंना तू माझ्याआधीपासून ओळखत होतीस. तीन पिढ्या याच शहरात सायकली दुरुस्त करणारं घर, आणि त्यांचं मराठी माझ्या कोकणी मराठीपेक्षा शुद्ध. त्यांच्या दोन्ही मुली तुझ्या हाताखाली शिकल्या, म्हणून तू त्यांची 'बाई' आणि मी नुसता 'भाऊसाहेब'. मी त्यांना सगळं सांगितलं. आउट काढला, चाक मधोमध केलं, रबर बदललं, तरी जड. त्यांनी चाक फिरवून कान लावला. मग स्वतः सायकलवर बसून चौकापर्यंत गेले आणि परत आले.

"लोण्यासारखी चालतेय, भाऊसाहेब. काहीसुद्धा घासत नाही."

"मग तिला जड का लागते?"

त्यांनी चिंधीला हात पुसले. खूप वेळ पुसले. "सायकल जड नाही. बाईंना दम लागतोय. गेल्या आठवड्यात हवा भरायला थांबल्या होत्या, तर माझ्या दुकानाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. ओठ निळे पडले होते. डॉक्टरला दाखवा. उद्याच्या उद्या दाखवा."

मी काय म्हणालो सांगू? "मी सायकलचं विचारलं होतं. नाडी बघायला कधीपासून लागलात?"

पुण्यात राहून एवढं मात्र मी पक्कं शिकलो. हनीफभाईंनी सायकल स्टँडवरून काढली आणि माझ्या हातात दिली.

घरी आलो. तू गॅसपाशी होतीस. मान न वळवता विचारलंस, "काय म्हणाले हनीफभाई?"

हा तो क्षण. रोज मी त्याच्याकडे परत जातो आणि रोज वेगळं उत्तर देतो. त्या दिवशी मी म्हणालो, "मागचा ब्रेक किंचित घासतोय. उद्या मुंजीला जायचंय, पुढच्या रविवारी बघतो."

मला माहीत होतं. हनीफभाईंनी सांगितलं त्या क्षणीच मला ते खरं आहे हे कळलं होतं, म्हणून तर इतकं झोंबलं. दोन उश्या, चपला, पायरी, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं होतं. मग मी बोललो का नाही? माझ्या आईला आम्ही असंच दम लागतो म्हणून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं आणि ती चौथ्या दिवशी तिथेच गेली, तेव्हापासून मला दवाखान्याची पायरी चढवत नाही, हे तुला ठाऊक होतं. पण हे काही कारण झालं का? मला वाटलं होतं, बोललो नाही तर ते खरं होणार नाही. एवढा मोठा घोडा झालो, दोन वर्षांत निवृत्त होईन, आणि डोळे मिटले की समोरचा साप जातो असं समजत बसलो.

दुसऱ्या दिवशी मुंजीला गेलो. कार्यालयात जेवण तिसऱ्या मजल्यावर. तू पहिल्या मजल्यावर थांबून निऱ्या नीट केल्यास. दुसऱ्या मजल्यावर थांबून पुन्हा केल्यास. मी तुझ्या मागे एका पायरीवर उभा होतो. तुझ्या पाठीवरून ब्लाउज घामानं भिजलेला दिसत होता, जानेवारीत. मी म्हटलं, "सावकाश. पंगत आपल्यासाठी थांबते." तू हसलीस. मीही हसलो. हा विनोद होता, कुमुद. मी विनोद केला.

मग तो रविवार. पोतं अंथरलं, सायकल उलटी केली. तू म्हणालीस, "आज खडू मी धरते." पलीकडच्या बाजूला पाट घेऊन बसलीस. मी चाक फिरवलं. मध्ये ते फिरतंय, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तू, खडू रिमला लावून. एकही रेघ उमटेना. खडूचा कण लागेना. चाक थांबेपर्यंत आपण दोघंही बघत राहिलो. मग मी पाना घेतला आणि एक चांगला आवळलेला नट सैल करून पुन्हा आवळला.

तू विचारलंस, "सापडलं का?"

"सापडलं."

"नक्की ना?"

"नक्की. आता हलकी चालेल."

"हो," तू म्हणालीस, "चालेल आता." आणि खडू पदराला पुसून पर्समध्ये टाकलास. उठताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि तो जरा जास्त वेळ ठेवलास. मी वर पाहिलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमारास तुझ्या शाळेतला शिपाई कचेरीत आला. तू बंडगार्डनच्या पुलाच्या चढावर सायकलवरून उतरलीस, ती कठड्याला टेकवून ठेवलीस, कुलूप लावलंस आणि खाली बसलीस. एका रिक्षावाल्यानं तुला उचलून दवाखान्यात नेलं. पिशवीतल्या वह्यांवर शाळेचं नाव होतं म्हणून निरोप आला. त्या रिक्षावाल्याचं नावही मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा नळ्या लावल्या होत्या, तरी तू शुद्धीत होतीस. मला बघून म्हणालीस, "अहो, सायकल पुलावरच राहिली."

"आणतो मी. तू बोलू नकोस."

तू डोळे मिटलेस. मला बाहेर काढलं. पंधरा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले.

इतक्या वर्षांच्या संसारात तुला म्हटलेलं माझं शेवटचं वाक्य हे. बोलू नकोस. जसं काही आपण त्या आठवड्यात फार बोललो होतो.

मी डॉक्टरांना विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?" तरुण होते, मंजूच्या वयाचे. म्हणाले, "आधी आणायला हवं होतं. किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही." तेव्हापासून या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलो आहे. सकाळी पहिलं वाक्य खरं वाटतं, दुपारी दुसऱ्याला धरून तरंगतो, संध्याकाळी पुन्हा बुडतो. कुणीतरी स्पष्ट सांगावं की वाचली असती, म्हणजे मी एकदाचा तळाला तरी जाईन. किंवा नसती वाचली असं सांगावं. पण कोण सांगणार?

तुझी सायकल हनीफभाईंनीच त्या संध्याकाळी पुलावरून आणली. किल्ली माझ्याकडून घेतली, गेले आणि जिन्याखाली आणून ठेवली. बाराव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. माफी मागायला. ते स्टुलावर बसले होते, उठून त्यांनी मला तिथे बसवलं. मी म्हटलं, "हनीफभाई, तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. तिला सांगितलंही नाही."

त्यांचा चेहरा एकदम पडला. "सांगितलं नाहीत?"

"नाही."

ते खाली, पायऱ्यांवरच बसले. म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही येऊन गेलात ना, त्यानंतरच्या बुधवारी बाई आल्या होत्या माझ्याकडे. शाळा सुटल्यावर. म्हणाल्या, हनीफभाई, मला खरं सांगा, सायकल जड आहे का? मी म्हटलं, नाही बाई. त्या म्हणाल्या, वाटलंच होतं मला. मग म्हणाल्या, ह्यांना बोलू नका. दवाखान्याचं नाव काढलं तरी घाबरतात. मार्च होऊ दे, दहावीच्या मुलींचे पेपर होऊ देत, मग मी आपण होऊन जाते." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "मी म्हणालो नाही की भाऊसाहेबांना मी आधीच सांगितलंय. मला वाटलं, नवराबायको आहेत, आज ना उद्या आपापसात बोलतील. मी म्हणायला पाहिजे होतं. रोज वाटतं, म्हणायला पाहिजे होतं."

आम्ही दोघं म्हातारे भर दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. गिऱ्हाइकं बघून परत जात होती.

बुधवारी तुला कळलं होतं. म्हणजे त्या रविवारी पाटावर खडू धरून बसलेली तू सगळं जाणत होतीस. चाकाच्या त्या बाजूला तुला माहीत, या बाजूला मला माहीत, आणि आपण दोघं मधल्या त्या बिनदोष चाकाकडे बघत होतो. "सापडलं का," तू विचारलंस. मला आता त्या दोन शब्दांखेरीज काही ऐकू येत नाही. तू मला दार उघडून देत होतीस का? "नक्की ना," म्हणून दुसऱ्यांदा उघडलंस का? की मी नीट खोटं बोलतोय याची खात्री करून घेत होतीस, म्हणजे तुला मार्चपर्यंत निवांतपणा? मला तुझा राग येतो, कुमुद. हेही लिहून ठेवतो. त्या मुलींचे पेपर! पेपर दर वर्षी होतात. तुला माझी भीती जपायची होती, पण तुझ्या जिवापेक्षा? कुणी सांगितलं होतं तुला? मग लगेच लाज वाटते. राग यायला मी कोण? तू निदान मला वाचवण्यासाठी गप्प बसलीस. मी स्वतःला वाचवण्यासाठी बसलो.

आता मंजूचं सांगतो. तेराव्याची जेवणं उरकली, सगळे पांगले. ती आतल्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहिलो आणि सांगून टाकलं. हनीफभाईंचं, माझं, मुंजीतल्या जिन्याचं, सगळं. तिनं घडी घालणं थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"बारा."

"बारा दिवस." तिनं साडी खाली ठेवली. "बाबा, त्यातल्या दोन रविवारी माझा फोन आला होता. दोन्ही वेळा मी विचारलं, आई कशी आहे. तुम्ही म्हणालात, मजेत."

मी म्हटलं, "अगं, तिलाही माहीत होतं." का म्हटलं? ज्या तुझ्यापाशी कबुली द्यायची, तिच्याच पाठीमागे लपलो.

मंजू म्हणाली, "म्हणून तुमचं कमी होतं का?"

सकाळी ती बॅग घेऊन निघाली. मी म्हटलं, स्टँडवर येतो. "नको." दारात थांबली. तुझ्यासारखीच, एक हात चौकटीवर. "मला माफ कर असं म्हणू नका. तो अधिकार आईचा होता. तिला विचारा." आणि गेली. मी गॅलरीतून पाहत होतो. वळणावर ती मागे बघते नेहमी. काल बघितलं नाही.

म्हणून तुला विचारतोय. तेराव्यानंतर माणूस पोचतो म्हणतात, त्याला ऐकू जातं की नाही हे कुणी सांगत नाही. मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड होत नाही. नुसतं सांगतो, मला माहीत होतं. तुला वाचवता आलं असतं की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, पण तुला एकटीला त्या पुलापर्यंत जाऊ द्यायला नको होतं, हे मला ठाऊक आहे. सगळ्यांत जास्त मला ते एकटेपण सोसवत नाही. एकाच घरात, एकाच पोत्यावर, तू ते दुखणं एकटीनं वाहिलंस.

काल संध्याकाळी समोरच्या काकूंकडे मंजूचा फोन आला. त्यांनी हाक मारली. रिसीव्हर कानाला लावला. "पोचले," ती म्हणाली. मग सोलापूरच्या तारेतली नुसती खरखर. मला वाटलं ठेवला तिनं. मग आवाज आला, "जेवलात का?"

'हो' माझ्या जिभेवर तयार होतं. जन्मभर तयारच असतं ते. बरं आहे, मजेत आहे, जेवलो.

"नाही," मी म्हणालो. "काल तुला सांगितल्यापासून काही खाल्लं नाही. गिळवत नाही, मंजू. आणि घरात मला भीती वाटते."

पलीकडे ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मग नाक ओढत म्हणाली, "काकू आहेत का तिथे? त्यांना द्या फोन." काकूंशी ती काय बोलली मला माहीत नाही. काकूंनी फोन ठेवला, ओट्यापाशी पाट मांडला आणि वरणभात वाढला. मी त्या परक्या स्वयंपाकघरात बसून जेवलो. दुसऱ्या घासाला रडू फुटलं. काकू तूप वाढत होत्या, मी पंच्यानं तोंड झाकलं नाही.

एवढं जमलं मला, कुमुद. तुझ्यासमोर जमायला हवं होतं.